बर्नआउटनंतर पुन्हा सुचू लागतं ते कसं?

बर्नआउट झालेल्या लेखकाला, चित्रकाराला किंवा डिझायनरला थकव्याची फारशी भीती वाटत नाही. थकवा त्यांच्या ओळखीचा असतो. दिवाळी अंकाची चित्रं वेळेत देण्यासाठी सप्टेंबरात रात्री जागवलेल्या असतात. उद्याच्या शूटिंगचे सीन पहाटे चारला पाठवून सकाळी पुन्हा चॅनलच्या मीटिंगला हजेरी लावलेली असते. भीती वाटते ती सुचणं थांबल्याची. आता वेळ आहे, कागद आहे, डोक्यावर कुणी बसलेलं नाही, आणि तरीही आत काही हलत नाही. मग मनात येतं, आपल्यात जे काही होतं ते संपलं.

ते संपलेलं नसतं. हे धीर देण्यासाठी म्हणत नाही. मेंदूवरच्या ताणाचा जो अभ्यास झाला आहे तो हेच सांगतो, आणि कलेच्या इतिहासातही त्याचे दाखले आहेत. पण ते परत येण्याचा एक क्रम असतो. आधी कुतूहल परततं, मग खेळावंसं वाटतं, आणि काम सगळ्यांत शेवटी येतं. आपण सगळे नेमकं उलट करायला जातो. ‘बरं वाटतंय का’ हे तपासायला थेट कामच करून बघतो, ते जमत नाही, आणि आणखी खचतो. हा क्रम असा का आहे, ते नीट समजून घेऊ या.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय

हा शब्द मानसशास्त्रात रुळवला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी. न्यूयॉर्कमध्ये ते दिवसा आपली प्रॅक्टिस करत आणि संध्याकाळनंतर एका मोफत दवाखान्यात विनामोबदला काम करत. तिथे मनापासून राबणारे कार्यकर्ते काही महिन्यांत आतून रिकामे होत गेलेले त्यांनी पाहिले, आणि स्वतःही ते अनुभवलं. १९७४ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. कामचुकार माणसाला हे होत नाही, झोकून देणाऱ्याला होतं, हे निरीक्षण तेव्हापासूनचं आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली, जी आजही जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआउटची नोंद आहे. मात्र आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला कामाचा ताण, हे तिचं कारण.

त्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत. पहिली, शक्ती संपल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मनाने दूर जाणं, त्याबद्दल कडवट होणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. सर्जनशील कामात यातली दुसरी सगळ्यांत घातक ठरते, असं मला वाटतं. थकलेला माणूस झोपून उठला की पुन्हा बघू लागतो. पण ज्या चित्रकाराला लहान मुलांचे चेहरे काढायला मनापासून आवडायचे, त्याला मुलांच्या पुस्तकाचं काम आलं की ‘आणखी बत्तीस पानं’ एवढंच दिसू लागतं, तेव्हा त्याचं बघणंच बंद झालेलं असतं. बघणं बंद झालं की सुचणार कुठून?

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बर्नआउट आणि नैराश्य एकमेकांसारखे दिसतात, आणि बर्नआउटमधून नैराश्यात जाताही येतं. कामच नाही तर जेवण, माणसं, मुलं, कशातच गोडी उरली नसेल, आठवडे असेच जात असतील, किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. ‘माझी प्रतिभा आटली’ असं म्हणत फिरणाऱ्या माणसाचं रक्तच कमी असल्याचं निघू शकतं.

सुचणं का थांबतं

काहीतरी सुचतं तेव्हा मेंदूत दोन प्रकारची कामं चाललेली असतात. एक, मोकाट भटकण्याचं. आपण खिडकीबाहेर बघत बसतो, भांडी घासतो, अंघोळ करतो, तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त जागे होतात. मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली या जाळ्याचं वर्णन केलं. आठवणी चाळणं, ‘असं झालं तर’ रंगवणं, दूरच्या दोन गोष्टी एकत्र आणणं ही कामं बरीचशी तिथली. दुसरं काम निवडीचं: आलेल्या दहा कल्पनांतली कोणती धरायची, तिला आकार कसा द्यायचा. ते कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग सांभाळतो. चांगली कलाकृती या दोघांच्या देवाणघेवाणीतून होते.

दीर्घ ताणाचा मार पहिल्यांदा बसतो तो या पुढच्या भागावर. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं, डोक्यात चार धागे एकदम धरून ठेवणं, आलेली पहिली कल्पना बाजूला सारून दुसरी शोधणं, हे सगळं जड होतं. आणि भटकणारं जाळं? ते चालूच असतं, पण त्याला विषय एकच मिळतो: चिंता. रात्री तीनला जाग येऊन जुन्या मेलमधलं वाक्य डोक्यात घोळत राहतं, तेव्हा कल्पनाशक्तीच काम करत असते, पण ती भलत्याच कामाला जुंपली गेलेली असते.

आणखी एक गोष्ट घडते, आणि ती कळल्यावर मला माझ्या आसपासच्या कितीतरी लेखकांचं कोडं उलगडलं. २००९ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदीर कळ दाबून खाणं मिळवायला शिकले. मग त्यांना आधीच पोटभर खायला दिलं. सर्वसाधारण उंदरांनी कळ दाबणं कमी केलं, कारण भूकच नव्हती. पण अनेक दिवस ताणाखाली ठेवलेले उंदीर कळ दाबतच राहिले. त्यांच्या मेंदूत सवयीने काम करणारा भाग वाढला होता आणि हेतू बघून काम करणारा आक्रसला होता. पुढे परीक्षेच्या ताणाखालच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही याच्याशी जुळणारे बदल दिसले. म्हणजे ताणाखाली आपण काम थांबवत नाही. ठरलेल्या वाटेने करत राहतो. मालिकेत तेच दार उघडतं, तीच सासू कान देऊन ऐकते. चित्रात तोच केशरी-निळा. कवितेत पुन्हा पाऊस. माणूस आळशी झालेला नसतो. नवी वाट शोधायला मेंदूत जे लागतं ते त्या वेळी हाताशी नसतं.

आता यातली चांगली बातमी. हे बदल मागे फिरतात. उंदरांमध्येही फिरले, विद्यार्थ्यांमध्येही. न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, परीक्षेच्या तयारीत महिनाभर पिचलेल्या विद्यार्थ्यांची लक्ष वळवण्याची क्षमता घसरली होती. ताण सरल्यावर महिन्याभरात ती पूर्ववत झाली. अर्थात ती तरुण, निरोगी मुलं होती आणि ताण महिन्याभराचा होता. वर्षानुवर्षं पिळून निघालेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला महिना पुरणार नाही. काही महिने, कधी वर्षही जातं. पण दिशा तीच असते.

इथे ‘ताण सरल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी लेखक-चित्रकारांनी पावसाळ्यानंतरची धावपळ अनुभवली आहे. ती जीवघेणी असली तरी तिला शेवट असतो. अंक हातात येतो, फराळ होतो, माणूस झोपतो. अशा ताणाने बर्नआउट होत नाही. बर्नआउट होतं ते हंगामच न संपणाऱ्या कामात. आठवड्याला सहा भाग मागणारी मालिका, रोज नवा व्हिडिओ मागणारं चॅनल, तीन क्लायंटच्या तीन वेगळ्या डेडलाइन. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले यांनी कंपन्यांमधल्या लोकांकडून रोज डायऱ्या लिहून घेतल्या आणि २००२ साली निष्कर्ष मांडला: वेळेच्या प्रचंड दडपणाच्या दिवशी सर्जक विचार कमी होतो, आणि त्याचं सावट पुढच्या एक-दोन दिवसांवरही राहतं. रोजच दडपण असेल तर ते सावट उठणार कधी?

आधी विश्रांती, आणि तीही खरी

पहिल्या काही आठवड्यांत काही सुचावं अशी अपेक्षाच ठेवू नका. हात मोडल्यावर आधी प्लास्टर लागतं, त्या काळात हात हलवून बघत नाहीत. हाड जुळल्यावर मात्र आखडलेला सांधा थोडा-थोडा हलवावाच लागतो. बर्नआउटमध्येही हे दोन टप्पे आहेत, आणि बहुतेक चुकीचे सल्ले पहिल्या टप्प्यातल्या माणसाला दुसऱ्याचा व्यायाम सांगणारे असतात. ‘एखादा छंद लाव’, ‘मॉर्निंग पेजेस लिही’, ‘रोज एक स्केच टाक’. ज्याला दुपारी दोन वाजता दुधाच्या पिशव्या आणायला जाणं डोंगराएवढं वाटतंय, त्याच्या डोक्यावर हे आणखी एक गृहपाठाचं ओझं होतं.

पहिल्या टप्प्यात झोप, जेवणाच्या वेळा, थोडं ऊन, आणि कामाचा फोन बंद. एवढंच. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांचा या विषयावर मोठा अभ्यास आहे. २००७ साली त्यांनी आणि शार्लोट फ्रिट्स यांनी कामानंतर माणूस कशाने सावरतो याच्या चार वाटा मांडल्या: मनाने कामापासून तुटणं, शरीर-मन सैलावणं, कामाबाहेरचं काहीतरी नवं जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. यातली पहिली सर्वांत कठीण. सोफ्यावर पडलेला माणूस डोक्यात क्लायंटशी भांडत असेल तर तो कामावरच आहे. झोनेनटाग आणखी एक विसंगती दाखवतात: ज्याला सावरण्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याकडूनच ते सर्वांत कमी होतं. थकलेला माणूस फिरायला जात नाही, रील बघत पडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. कुणीतरी चप्पल पुढे ठेवून ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणावं लागतं.

चौथी वाट आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हमखास बंद असते. नोकरीतून तीन महिने रजा घेतलेली बाई घरी असते, म्हणजे सगळ्या घराच्या लेखी ती मोकळी असते. सकाळचा डबा, सासऱ्यांची औषधं, मुलांचा अभ्यास, पाहुणे, सगळं तिच्याकडे येतं. मग तीन महिन्यांनी लोक विचारतात, ‘आता बरं वाटत असेल ना?’ तिला विश्रांती मिळालेलीच नसते, तिचं ऑफिस फक्त बदललेलं असतं. घरात एखादी व्यक्ती सावरत असेल तर स्वयंपाकाची वाटणी नव्याने करणं हा उपचाराचा भाग आहे, आणि तो कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा उपयोगी आहे.

देवासची वर्षं

गाणं बंद असताना गायक काय करतो? याचं सर्वांत मोठं उत्तर मला कुमार गंधर्वांच्या आयुष्यात दिसतं. त्यांना झाला होता क्षय, बर्नआउट नव्हे. दोन्हींची तुलना करून क्षयाचं गांभीर्य कमी करायचं नाही. पण बंद पडलेल्या निर्मितीच्या काळात माणूस कलेशी कसा नातं ठेवतो, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतं.

१९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार लहानपणीच अचाट गाणारा मुलगा म्हणून गाजले. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी १९४८च्या जानेवारीत ते माळव्यात देवासला आले. डॉक्टरांनी गायला बंदी केली. विशीत नाव झालेला गायक, आणि पाच-सहा वर्षं गळ्यातून सूर काढायचा नाही. घर भानुमतींच्या नोकरीवर चाललं. त्यांची शुश्रूषाही त्याच करत.

अंथरुणावर पडून कुमार ऐकत राहिले. आसपासच्या बायका लग्नात, सणात, शेतात म्हणत ती माळवी गाणी. नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. यांतलं काही मैफलीसाठी गोळा करायचं म्हणून ऐकलेलं नव्हतं. मैफल पुन्हा होईल याची खात्री तरी कुठे होती? ते ऐकता-ऐकता त्यांच्या लक्षात येत गेलं की या साध्या धुनांच्या पोटात राग दडलेले आहेत. स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर ते बरे झाले आणि १९५३च्या सुमारास पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस निकामी झालं होतं, त्यामुळे लांबलचक दमसासाच्या ताना जुन्या पद्धतीने घेणं शक्य नव्हतं. छोटे, धारदार स्वरसमूह आणि मधल्या शांत जागा, हे त्यांच्या गाण्याचं नवं व्याकरण झालं. लोकधुनांतून उगवलेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटलं. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार ही नावं आज रसिकांच्या तोंडी आहेत.

यातून आजाराचं गुणगान करावं असं मुळीच नाही. औषध मिळालं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की देणं बंद असताना घेणं चालू होतं, आणि त्या घेण्यावर कसलीही वसुली नव्हती. आपण सावरताना पुस्तक वाचतो ते ‘यातून काहीतरी सुचेल’ म्हणून. सिनेमा बघतो ते कॅमेऱ्याचं काम टिपायला. ते घेणं राहत नाही, तो कच्चा माल भरणं होतं. सावरण्याच्या मधल्या काळात असं ऐका-वाचा-बघा की ज्याचा तुमच्या कामाशी संबंधच लागत नाही. लेखकाने शेजारच्या आजींकडून जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात, डिझायनरने बाजारातल्या भाज्यांची नावं शिकावीत. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत; ज्यांना मोठ्यांचं वाचन जड जातं अशा काळात ते फार सोबत करतात.

ताटली नव्हे, विल्सन

ही चूक अनेक सल्ल्यांत होते: गोष्टीतला चमकदार भाग लक्षात राहतो आणि कामाचा भाग हरवतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांची गोष्ट पाहा. अणुबॉम्ब प्रकल्प संपवून ते १९४५ साली कॉर्नेल विद्यापीठात आले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांची पत्नी आर्लीन क्षयाने गेली होती. शिकवणं जमत होतं, पण संशोधन होईना. आपण खलास झालो आहोत, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बाहेरून मोठमोठ्या संस्थांची बोलावणी येत, आणि प्रत्येक बोलावण्याने ते आणखी दबून जात.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी ठरवलं की आता भौतिकशास्त्र फक्त खेळायचं, महत्त्वाचं आहे की नाही बघायचंच नाही. कॅफेटेरियात कुणीतरी हवेत फेकलेली ताटली डुलताना दिसली, तिच्या डुलण्याचं आणि फिरण्याचं गणित त्यांनी मजेखातर मांडलं. कॉर्नेलमधले सहकारी हान्स बेथे यांनी ‘याचं महत्त्व काय?’ विचारलं, तर म्हणाले, काहीच नाही. त्या खेळातून ते पुन्हा इलेक्ट्रॉनच्या प्रश्नांकडे वळले, आणि ज्या कामासाठी १९६५चं नोबेल मिळालं त्याकडे जाणारी वाट तिथून मोकळी झाली, असं त्यांनीच सांगितलं आहे.

पण ताटलीच्या आधी एक प्रसंग घडला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट विल्सन यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की तुम्ही चांगलं शिकवता, आमचं समाधान आहे. माणूस नेमताना जोखीम संस्थेची असते, पुढे काय होईल याची काळजी तुम्ही करू नका. हे ऐकल्यावर फाइनमन यांच्या मानेवरचं जू उतरलं. मला ताटलीपेक्षा हा संवाद मोलाचा वाटतो. खेळ सुरू होण्याआधी कुणीतरी अपेक्षा काढून घ्यावी लागते. ‘आता मजेसाठी कर’ असं स्वतःला बजावून मजा येत नाही; ज्याच्याकडे आपला हिशेब आहे त्याने वही मिटल्याचं सांगावं लागतं. संपादकाने, निर्मात्याने, घरातल्या माणसाने. आणि कुणीच नसेल तर एखाद्या मित्राने.

बाहेरची कारणं खेळाला किती चटकन मारतात, हे अमाबिले यांच्या १९८५च्या एका प्रयोगातून दिसतं. त्यांनी तरुण लेखकांना छोट्या कविता लिहायला सांगितल्या. मधल्या काही मिनिटांत एका गटाला लिहिण्याची बाहेरची कारणं, म्हणजे पैसा, नाव, लोकांची वाहवा, यांची क्रमवारी लावायला दिली. बस, एवढंच. त्या गटाच्या पुढच्या कविता परीक्षकांना कमी सर्जक वाटल्या. काही मिनिटांच्या नुसत्या विचाराने असं होत असेल, तर लाइक मोजत काढलेल्या चित्राचं काय होत असेल?

हातांना पुन्हा सवय

दुसरा टप्पा आला आहे हे कसं ओळखायचं? एक दिवस रस्त्यातल्या कशाकडे तरी तुम्ही थांबून बघता. रिक्षाच्या मागची अक्षरं, पावसानंतर भिंतीवर उठलेला ओलाव्याचा नकाशा, लोकलमधल्या दोन बायकांच्या बोलण्यातलं एखादं वाक्य. कुणी सांगितलेलं नसताना बघितलंत, म्हणजे सुरुवात झाली. या वेळी लगेच डेस्कवर जाऊ नका. खिशात छोटी वही ठेवा आणि दिसलेलं नुसतं टिपून ठेवा. कल्पना म्हणून नव्हे, निरीक्षण म्हणून. वही कुणाला दाखवायची नाही, फोटो टाकायचा नाही.

मग हातांना काम द्या, पण आपल्या क्षेत्रातलं नव्हे. आपल्या क्षेत्रात आपला परीक्षक तरबेज असतो. पहिली रेघ मारली की तो ‘ही जुनीच’ म्हणतो. मातीकामात, भरतकामात, पेटी शिकण्यात त्याला काही कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. झोनेनटाग यांच्या चार वाटांपैकी तिसरी, नवं काहीतरी जमवण्याची, इथे उपयोगी पडते. पोळ्या गोल यायला लागल्या याचा आनंदही त्यातच धरावा.

चाला. स्टॅनफर्डमधल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली दाखवलं की चालताना आणि चालून आल्यावर लगेच माणसांना जास्त आणि वेगळ्या कल्पना सुचतात. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी परिणाम दिसला. म्हणजे निसर्गरम्य जागा नाही म्हणून अडून बसायला नको, गच्चीवरच्या फेऱ्याही चालतील. एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा फायदा झाला नाही. म्हणून कल्पना चालताना, निवड बसून. आणि इयरफोन घरी ठेवा. डोक्याला रिकामी जागा मिळाली तरच ते भटकेल.

आपल्या मूळ कामाकडे परताल तेव्हा अजून करावंसं वाटत असतानाच थांबा. वीस मिनिटं छान गेली म्हणून चार तास बसणं हा या टप्प्यातला मोठा धोका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बधिर होतं आणि माणूस समजतो, परत तेच. खरं तर थोडं मागे-पुढे होणारच. एखादा चांगला आठवडा, मग तीन वाईट दिवस, असंच ते सरळ होत जातं.

पोट आणि परतणं

हे सगळं वाचताना फ्रीलान्स काम करणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असेल: महिन्याचं भाडं कोण भरणार? प्रश्न रास्त आहे, आणि ‘कामातून सहा महिने रजा घ्या’ हा सल्ला बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. माझं म्हणणं असं की सगळं काम निम्मं करण्यापेक्षा, नवं सुचावं लागतं ते काम काही काळ पूर्ण बाजूला ठेवा आणि ज्यात कौशल्य लागतं पण कल्पना लागत नाही ते करा. मुद्रितशोधन, मांडणी, माहितीपत्रकांचं भाषांतर, संकलन, शिकवणी. सर्जक माणसांना हे कमीपणाचं वाटतं. तसं वाटू देऊ नका. फाइनमन यांनीही लिहून ठेवलं आहे की कल्पना येत नसतात त्या काळात शिकवणं त्यांना तारून नेतं, आपण काहीतरी उपयोगाचं करतो आहोत एवढी तरी जाणीव राहते.

आणि परत जाताना जुन्याच अटींवर जाऊ नका. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळं कामाच्या सहा बाजूंमध्ये शोधली: कामाचा भार, त्यावरचा आपला ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय, आणि आपल्या मूल्यांशी मेळ. आपण नेहमी फक्त भारच मोजतो. पण कित्येक चित्रकार दिवसाला बारा तास आनंदाने काम करतात, आणि कारण न देता आलेल्या सातव्या बदलाने मोडतात; तिथे प्रश्न ताब्याचा असतो. कित्येक लेखक कामाने नव्हे, वर्षभर न आलेल्या मानधनाने आणि शीर्षकात गाळलेल्या नावाने झिजतात. तो प्रश्न न्यायाचा. तुमची मोड या सहांपैकी कुठे झाली, हे कागदावर लिहून काढा आणि पुढच्या करारात तेवढ्याच जागी आग्रह धरा. बदल किती वेळा करून मिळतील, पैसे केव्हा, रात्री दहानंतर मेसेजला उत्तर मिळणार नाही, असं सरळ लिहून द्या. नोकरीत असाल तर वरिष्ठांशी बोलतानाही ‘मला झेपत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘या-या गोष्टीत बदल हवा’ म्हणा. काहीच बदलणार नसेल, तर तिथे परतणं म्हणजे सुट्टीत जमवलेलं सगळं त्याच भोकातून सांडणं आहे, आणि दुसरी जागा शोधण्यात शहाणपण आहे.

जे संपादक, निर्माते, आर्ट डायरेक्टर हे वाचत असतील त्यांनाही थोडं सांगायचं आहे. सावरणाऱ्या माणसाला ‘काही सुचलं का?’ असं विचारू नका. त्याला भेटा, चहा प्या, तुम्ही अलीकडे काय ऐकलं ते सांगा. आणि काम द्यायची वेळ आली की पहिलं काम छोटं द्या, तारीख सैल ठेवा, आणि जमलं नाही तर काय होईल हे आधीच बोला: काही होणार नाही, आपण दुसरं बघू. विल्सन यांनी याहून जास्त काही केलं नव्हतं.